शिक्षकाची ममता आणि शिष्याचा विश्वास

मानवाच्या मार्गदर्शनासाठी अल्लाहने ग्रंथ पाठवले आणि ग्रंथासोबत तो शिकवणारे प्रेषितही पाठवले. दिव्य कुरआनातील सूरह अल-जुमुआमध्ये अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कार्याचे वर्णन करताना तीन गोष्टी क्रमाने सांगितल्या आहेत : लोकांना अल्लाहच्या आयती ऐकवणे, त्यांचा तजकिया करणे आणि त्यांना ग्रंथ व विवेक शिकवणे. ‘तजकिया’ या शब्दात शुद्ध करणे आणि वाढवणे असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. माळी रोपाभोवतीचे तण काढतो ते रोप वाढावे म्हणून. तण काढता काढता रोपच उपटले गेले, तर त्या मेहनतीला बागकाम म्हणता येत नाही.

या क्रमावर थोडे थांबून विचार केला पाहिजे. येथे ग्रंथाच्या शिकवणीआधी अंतःकरणाच्या मशागतीचा उल्लेख आला आहे. आज आपली मुले सकाळी शाळेत आणि सायंकाळी मकतबात जातात. ती कायदा वाचतात, पारे पूर्ण करतात, दुआ पाठ करतात. याबद्दल अल्लाहचे आभार मानावेत तितके थोडेच. परंतु एक प्रश्न प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक आई-वडिलांनी स्वतःला विचारायला हवा : मुलाच्या हातून चूक घडली, तर ते शिक्षकाकडे येते की शिक्षकापासून लपते? शिक्षण किती झाले हे परीक्षा घेऊन समजते. संस्कार किती झाले हे या प्रश्नाच्या उत्तरावरून समजते.

एका नवख्या मुस्लिमाची चूक

सहीह मुस्लिममध्ये आदरणीय मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांनी स्वतःविषयी सांगितलेला एक प्रसंग आहे. ते नुकतेच इस्लाममध्ये आले होते. प्रेषितांच्या (स.) मागे नमाज अदा करताना कोणाला तरी शिंक आली आणि त्यांनी नमाजमध्येच मोठ्याने त्या व्यक्तीसाठी अल्लाहच्या कृपेची दुआ उच्चारली. आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे रोखून पाहू लागले. त्या नजरांनी ते गोंधळले आणि ‘माझ्याकडे असे का पाहता?’ अशा अर्थाचे आणखी काही बोलून गेले. एका चुकीची दुसरी चूक झाली. मग लोक त्यांना गप्प करण्यासाठी आपल्या मांड्यांवर हात मारू लागले, तेव्हा ते गप्प झाले.

नमाज संपली. सगळ्या जमाअतीसमोर चूक झालेली, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर रोखलेल्या. अशा वेळी माणसाच्या मनाची काय अवस्था होते हे वेगळे सांगायला नको. प्रेषितांनी (स.) त्यांना रागावले नाही, मारले नाही, अपशब्द काढला नाही. एवढेच समजावले, की नमाजमध्ये लोकांशी बोलणे योग्य नसते. नमाज ही अल्लाहची स्तुती, त्याच्या महानतेची घोषणा आणि कुरआनपठण यांसाठी असते. मुआविया (रजि.) साक्ष देतात, की त्यांच्याहून उत्तम रीतीने शिकवणारा शिक्षक मी त्यांच्याआधी पाहिला नाही आणि त्यांच्यानंतरही पाहिला नाही.

या शिकवणीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की चूक झाकून ठेवली गेली नाही. काय चुकले आणि योग्य काय, हे दोन्ही स्पष्ट सांगितले गेले. दुसरी अशी, की चर्चा चुकीची झाली, चुकणाऱ्याची झाली नाही. ‘तुला एवढेही कळत नाही का’ हे वाक्य तेथे नव्हते. शिष्याला नमाजचे ज्ञान मिळाले आणि त्याची प्रतिष्ठाही शाबूत राहिली.

न विचारता दिलेली कबुली

बहुतेक वेळा हा प्रसंग येथपर्यंतच सांगितला जातो. परंतु या हदीसचा खरा बोध तिच्या पुढच्या भागात आहे. त्याच कथनात मुआविया (रजि.) प्रेषितांना (स.) आणखी प्रश्न विचारतात. आमच्यातील काही लोक भविष्य सांगणाऱ्यांकडे जातात, काही लोक शकुन-अपशकुन मानतात, असे ते आपल्या समाजाचे दोष उघडपणे मांडतात. आणि त्यानंतर ते स्वतःच्या एका कृत्याची कबुली देतात, जे त्यांना कोणी विचारलेही नव्हते. त्यांची एक दासी उहुद डोंगराच्या परिसरात मेंढ्या चारत असे. एके दिवशी लांडग्याने एक मेंढी पळवली. रागाच्या भरात त्यांनी त्या दासीच्या तोंडावर चपराक मारली.

प्रेषितांनी (स.) हे कृत्य अत्यंत गंभीर मानले. नमाजमधील बोलण्यावर सौम्यपणे समजावणाऱ्या शिक्षकांनी एका असहाय स्त्रीला मारलेल्या चपराकेकडे मात्र हलकेपणाने पाहिले नाही. शिष्यालाही ते जाणवले. ‘मी तिला मुक्त करू का?’ असे त्यांनी स्वतःच विचारले. प्रेषितांनी (स.) तिला बोलावून घेतले, तिच्या श्रद्धेविषयी दोन प्रश्न विचारले आणि ती श्रद्धावंत असल्याचे सांगून तिला मुक्त करण्याची आज्ञा दिली.

आता या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. ज्या माणसाला त्याच्या चुकीबद्दल मार मिळाला नाही, तोच माणूस पुढे येऊन सांगतो, की मी एका दुर्बल व्यक्तीला मारले आहे. नमाजमधील चूक सर्वांना दिसली होती. चपराकेची चूक प्रेषितांसमोर घडली नव्हती. ती लपवता आली असती. पण ज्याच्यासमोर आपली उघड चूक सुरक्षित राहिली, त्याच्यासमोर आपली लपलेली चूकही ठेवता येते, असा विश्वास त्या मनात निर्माण झाला होता. त्या विश्वासामुळे एका माणसाची सुधारणा झाली आणि एका दासीला स्वातंत्र्य मिळाले. नमाजनंतर त्यांच्या वाट्याला अपमान आला असता, तर त्यांनी नमाजमध्ये बोलणे कदाचित थांबवलेही असते, पण त्या दासीची कहाणी प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचली असती का?

शिक्षकाची ममता ही केवळ स्वभावाची शोभा नाही, ती सुधारणेची गरज आहे, ती या अर्थाने. रोग दाखवला गेला तरच औषध देता येते, आणि माणूस आपला रोग विश्वास असेल तेथेच दाखवतो.

उहुदनंतरची शिकवण

हाच नियम दिव्य कुरआनाने एका फार मोठ्या चुकीच्या संदर्भात सांगितला आहे. हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या युद्धात डोंगरावर नेमलेल्या तिरंदाजांपैकी बहुतेकांनी आपली जागा सोडली आणि मुस्लिमांना मोठी हानी सोसावी लागली. सत्तर सोबती शहीद झाले, स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले. या पार्श्वभूमीवर सूरह आले-इमरानमध्ये अल्लाहने प्रेषितांना (स.) सांगितले, की तुम्ही या लोकांशी सौम्यतेने वागता ही अल्लाहचीच कृपा आहे, तुम्ही कठोर आणि पाषाणहृदयी असता, तर हे लोक तुमच्यापासून पांगले असते. त्यानंतर तीन आज्ञा आल्या आहेत : त्यांना क्षमा करा, त्यांच्यासाठी अल्लाहकडे क्षमायाचना करा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घ्या.

या तीन पायऱ्या प्रत्येक शिक्षकाने हृदयात कोरून ठेवाव्यात. क्षमा केल्याने शिष्याची भीती जाते. त्याच्यासाठी दुआ केल्याने शिक्षकाच्या मनातील किल्मिष जाते. आणि सल्ला घेतल्याने शिष्याला त्याचे स्थान परत मिळते. आपण पहिल्या पायरीवरच थांबतो. ‘जा, या वेळी माफ केले’ असे म्हणतो. पण पुढे महिनोन्‌महिने त्या मुलाला फळा पुसायला, लहानांचा सबक ऐकायला किंवा अजान द्यायला सांगत नाही. मुलाला बरोबर कळते, की माफी जिभेने मिळाली, मनाने मिळालेली नाही. चुकलेल्या मुलाकडे पुन्हा एखादी जबाबदारी सोपवणे, हा क्षमेचा पूर्ण अर्थ आहे.

कठोरपणातून काय उगवते?

विख्यात इतिहासकार व समाजचिंतक इब्ने खल्दून (इ.स. १३३२–१४०६) यांनी आपल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात विद्यार्थ्यांवरील अतिकठोरपणा, विशेषतः लहान मुलांवरील, हानिकारक असतो हे सविस्तर मांडले आहे. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा : दडपशाहीखाली वाढणाऱ्या मुलाचे मन आक्रसते, त्याचा उत्साह मावळतो आणि त्याच्यात आळस शिरतो. मार चुकवण्यासाठी ते मनात एक आणि बाहेर एक असे वागू लागते. खोटेपणा आणि कावेबाजी हे आधी त्याच्या बचावाचे साधन असते, पुढे ती त्याची सवय बनते आणि शेवटी स्वभाव बनतो.

सहा शतकांपूर्वीचे हे निरीक्षण आजही एखाद्या मकतबात डोळे उघडे ठेवून बसले तर पटते. सबक पाठ नसलेला मुलगा पोटदुखीचे कारण सांगतो. वहीवर वडिलांची सही हवी असेल, तर ती स्वतःच करतो. शिक्षकाला वाटते, की छडीमुळे शिस्त आली. प्रत्यक्षात छडीने मुलाला सबक शिकवण्याआधी खोटे बोलायला शिकवलेले असते. ज्या धर्मात सत्यवचन हा श्रद्धावंताचा गुण आहे, त्याच धर्माचा ग्रंथ शिकताना मुलाने असत्याची सवय लावून घ्यावी, यापेक्षा मोठे नुकसान कोणते?

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या घरात मराठी बोलली जाते, तेथील मुलाच्या जिभेला ‘ऐन’ आणि ‘अलिफ’ यांतील भेद किंवा घशातून येणारे उच्चार नवे असतात. ते अडखळणारच. आदरणीय आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार, जो कुरआन अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी मोबदला असल्याची शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे. अल्लाह ज्या अडखळण्यावर दुहेरी मोबदला देतो, त्याच अडखळण्यावर आपण त्या मुलाच्या हातावर वळ उठवावेत, हे कसे शोभेल?

ममता म्हणजे मोकाट सोडणे नव्हे

येथे एक शंका स्वाभाविक आहे. मुलांना धाक नको, तर मग शिस्त कशी राहील? याचे उत्तरही प्रेषितांच्या (स.) जीवनातच आहे.

आदरणीय अनस बिन मालिक (रजि.) यांनी बालवयापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. ते सांगतात, की या काळात प्रेषितांनी (स.) त्यांना कधी ‘उफ’ म्हटले नाही, ‘हे का केले’ किंवा ‘हे का केले नाही’ असे दरडावले नाही. याचा अर्थ अनस (रजि.) कधी चुकलेच नाहीत असा नाही. एकदा प्रेषितांनी (स.) त्यांना एका कामासाठी पाठवले. बालसुलभ हट्टाने ते ‘मी जाणार नाही’ म्हणाले, जरी मनात जायचेच होते. वाटेत बाजारात मुले खेळत होती, तेथे ते रमले. तेवढ्यात मागून कोणीतरी मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित (स.) हसत उभे! त्यांनी लाडाने ‘उनैस’ अशी हाक मारून विचारले, की सांगितलेल्या ठिकाणी गेलास का? ‘हो, हा निघालोच,’ असे अनस (रजि.) उत्तरले.

काम माफ झाले नाही, कामाची आठवण करून दिली गेली. देखरेखही होतीच, शिक्षक स्वतः शोधत आले होते. फक्त आठवण देणाऱ्या चेहऱ्यावर हसू होते आणि हाकेत जिव्हाळा होता. शिस्तीसाठी लक्ष ठेवावे लागते, सातत्य लागते. संतापाची गरज नसते.

प्रसंगी कानउघाडणीही होत असे. आदरणीय मुआज बिन जबल (रजि.) आपल्या वस्तीत नमाज पढवताना कुरआनाचे पठण फार लांबवत. एका थकल्याभागल्या माणसाने तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) मुआज (रजि.) यांना कडक शब्दांत समज दिली, की लोकांना कसोटीत टाकतोस का? पाठीमागे वृद्ध, दुर्बल आणि गरजू लोक असतात. लक्षात घ्या, हा कडकपणा दुर्बलांच्या बाजूने होता, शिक्षकाच्या अहंकाराच्या बाजूने नव्हता. आणि याच मुआज (रजि.) यांचा हात हातात घेऊन प्रेषितांनी (स.) सांगितले होते, की माझे तुझ्यावर प्रेम आहे; आणि मग प्रत्येक नमाजनंतर म्हणावयाची एक दुआ शिकवली होती. आपल्यावर शिक्षकाचे प्रेम आहे याची ज्याला खात्री असते, त्याला शिक्षकाचा कडक शब्दही औषधासारखा लागू पडतो.

इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत पहिले कर्तव्य हेच सांगितले आहे, की त्याने शिष्यांना स्वतःच्या अपत्यांप्रमाणे वागवावे. दोष दाखवताना शक्य तेथे आडवळणाने, सूचकपणे दाखवावा, असेही ते सुचवतात. कारण उघड फजितीमुळे आदराचा पडदा फाटतो आणि शिष्य निर्ढावतो.

न बोललेले ओळखणे

विश्वासाचे आणखी एक मूळ म्हणजे शिष्याच्या मनाची जाण. आदरणीय मालिक बिन हुवैरिस (रजि.) आणि त्यांचे समवयस्क काही तरुण प्रेषितांकडे (स.) वीस रात्री राहिले. ते सांगतात, की प्रेषित (स.) अत्यंत दयाळू व कोमल होते. आम्हाला घरच्यांची ओढ लागली आहे हे त्यांनी ओळखले, घरी कोण कोण आहे याची विचारपूस केली आणि आम्हाला परत जाऊन आपल्या माणसांना शिकवण्यास सांगितले. त्या तरुणांनी तोंडाने काही मागितले नव्हते. घरापासून दूर, मदरशाच्या वसतिगृहात राहणारी मुले आज हजारोंनी आहेत. एखादे मूल जेवताना गप्प का आहे, रात्री उशीत तोंड का खुपसते, हे पाहणे शिक्षणाबाहेरचे काम आहे असे कोणी समजू नये.

बुजऱ्या मुलाला बोलते करणे हेही याच जाणिवेतून येते. आदरणीय उमर (रजि.) बद्रच्या युद्धात सहभागी झालेल्या ज्येष्ठांसोबत तरुण इब्ने अब्बास (रजि.) यांना बसवत. एकदा एका आयतीच्या अर्थाविषयी चर्चा चालू असता इब्ने अब्बास (रजि.) संकोचले, तेव्हा उमर (रजि.) यांनी त्यांना पुतण्या म्हणून संबोधले आणि स्वतःला कमी न लेखता बोलण्यास सांगितले. हेच इब्ने अब्बास (रजि.) पुढे कुरआनाचे श्रेष्ठ भाष्यकार म्हणून ओळखले गेले.

इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शिष्य अबू यूसुफ (रह.) गरीब घरातले होते. चरित्रग्रंथांत नमूद आहे, की पोटापाण्याच्या चिंतेने त्यांचे शिक्षण सुटू नये म्हणून इमामसाहेबांनी त्यांच्या खर्चाचा भार उचलला. पुढे अबू यूसुफ (रह.) खलीफा हारून रशीद यांच्या काळात मुख्य न्यायाधीश झाले. अनेक धर्मशास्त्रीय प्रश्नांत त्यांनी आपल्या गुरूंहून वेगळे मत मांडले आणि तरीही ते त्यांचे सर्वांत नामवंत शिष्य मानले जातात. गुरूशी मतभेद व्यक्त करण्याइतका विश्वास शिष्याला वाटावा, ही गुरूच्या यशाची खूण आहे.

विश्वास ही अमानत आहे

एका हदीसचा आशय असा आहे, की एखादा माणूस काही बोलताना आजूबाजूला पाहू लागला, तर ते बोलणे ऐकणाऱ्याकडे अमानत ठरते. मुले नेमकी अशीच बोलतात. वर्ग सुटल्यावर रेंगाळतात, दाराकडे पाहतात आणि मग हळूच सांगतात. ते ऐकून दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर त्यावर विनोद करणे, हा अमानतीत अपहार आहे. एकदा असे घडले, की ते मूल पुन्हा त्या शिक्षकाजवळ मन मोकळे करत नाही.

मात्र येथे एक मर्यादा स्पष्ट असावी. मुलाला कोणी इजा करत असेल, धमकावत असेल किंवा त्याच्याशी गैरवर्तन करत असेल, तर ती गोष्ट दाबून ठेवणे म्हणजे अमानत जपणे नव्हे. ती जबाबदार व्यक्तींपर्यंत पोहोचवून मुलाला संरक्षण देणे हीच अमानत होय. तसेच कोणत्याही शिक्षकाने ‘हे घरी सांगू नकोस’ असे मुलाला कधीही सांगू नये, आणि कोणी तसे सांगितले तर ते लगेच घरी सांगावे, हे मुलाला आई-वडिलांनी शिकवून ठेवावे. खरा विश्वास उजेडात वाढतो.

आपली घरे आणि आपले मकतब

पूर्वी मुलाला उस्तादांच्या हवाली करताना पालक म्हणत, की मांस तुमचे, हाडे आमची. त्यामागे शिक्षकाविषयीचा आदर होता, हे खरे. पण मुलाचे मांसही आपले नाही आणि हाडेही आपली नाहीत. ते मूल अल्लाहचे आहे आणि आपल्याकडे ठेव म्हणून आहे. जी गोष्ट आपल्या मालकीची नाही, ती दुसऱ्याला बहाल करण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? आपल्या देशात शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळांमध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. जे गणित शिकवताना अयोग्य ठरले, ते कुरआन शिकवताना योग्य कसे ठरेल?

याची दुसरी बाजूही आहे. आपण आपल्या मकतबांतील शिक्षकांना किती मानधन देतो, एकेका शिक्षकावर किती मुलांचा भार टाकतो, त्यांच्या प्रशिक्षणाची काही सोय करतो का? चिंतेने आणि थकव्याने ग्रासलेल्या माणसाकडून कोमलतेची अपेक्षा करायची आणि त्याची चिंता मात्र वाटून घ्यायची नाही, हा न्याय नव्हे. मुलांसमोर शिक्षकाची टवाळी करणारे पालकही विश्वासाची मुळे तोडतात.

शेवटी, शिक्षक आणि पालकांनी या आठवड्यात स्वतःला हे प्रश्न विचारून पाहावेत :

१. माझ्या वर्गातील किंवा घरातील मुलाने गेल्या महिन्यात आपली एखादी चूक आपणहून मला सांगितली का?

२. मी चूक दाखवली तेव्हा योग्य काय ते सांगितले, की फक्त मुलाला नावे ठेवली?

३. चुकलेल्या मुलाकडे मी पुन्हा एखादी जबाबदारी सोपवली का?

४. माझ्या दुआमध्ये माझ्या विद्यार्थ्यांची नावे असतात का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपली मुले चुकत नाहीत असा त्याचा अर्थ घेऊ नये. ती आपल्यापासून लपत आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अल्लाह आपल्या शिक्षकांच्या वाणीत गोडवा आणि अंतःकरणात विशालता देवो, आपल्या मुलांना सत्य बोलण्याचे धैर्य देवो आणि त्यांचे सत्य ऐकून घेण्याचे सामर्थ्य आपल्याला देवो. आमीन.